वहिनी आणि पैलवानाचा उजवा हात

कुणाच्या घरी बाळ झालं की माणसं बाळाचं तोंड बघायला जातात. नाक कुणाचं, हनुवटी कुणाची, यावरून दोन्हीकडच्या आज्यांची जुंपते. आमची वहिनी तोंडाकडे ढुंकूनही बघत नाही. ती दुपटं बाजूला सारून आधी पाय बघते, मग मुठी, मग मान. एवढं सगळं बघून झाल्यावर बाळाच्या आईने आशेने विचारलंच, "कसा आहे?", तर म्हणते, "हलतोय बरा." पोटात वाढवलेल्या जिवाबद्दल हे काय बोलणं झालं? छताच्या पंख्याबद्दल बोलतात असं.

ही बाई माझ्या सख्ख्या भावाची बायको. तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत असं मला कधी वाटलं नव्हतं. आजही चारच लिहायचा विचार आहे, बाकीचे येतील तसे येतील.

ती फिजिओथेरपिस्ट आहे, एका मोठ्या इस्पितळात. दादा तिच्या तावडीत सापडला तो बॅडमिंटन खेळताना गुडघा मोडून घेतल्यामुळे. तिने त्याच्याकडून रोज व्यायाम करून घेतले, रोज त्याच्या डोळ्यांतून पाणी काढलं, आणि गुडघा बरा झाल्यावर याने तिला लग्नाचं विचारलं. घाबरून विचारलं असं माझं मत आहे. दादा म्हणतो, प्रेमाने. गुडघा मात्र ठणठणीत आहे, ते कबूल करायला हवं. माझे बाबा तिला पहिल्या महिन्यापासून 'हवालदार' म्हणतात, आणि ती पण त्या हाकेला ओ देते.

पुढे तिला मोठ्या माणसांच्या गुडघ्यांवरून उचलून बाळांच्या खोलीत टाकलं. ही खोली इस्पितळाच्या पार टोकाला, चादरी धुण्याच्या यंत्रांना लागून आहे. भिंत कायम कोमट असते आणि साबणाचा वास येतो. दिवस भरायच्या आत जन्मलेली, जन्मताना गुदमरलेली, काचेच्या पेटीत राहून आलेली बाळं घरी गेल्यावर ठरावीक महिन्यांनी या खोलीत परत बोलावतात. वजन-उंची दुसरीकडे बघतात. ही त्यांचं हलणं बघते.

ते बघण्याची तिची रीत अशी. जमिनीवर निळी चटई. बाळाचे सगळे कपडे उतरवायचे, फक्त लंगोट ठेवायचा. बाळ उताणं ठेवायचं, वरती एक कॅमेरा लावायचा आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. खुळखुळा नाही, गाणं नाही, पुचकारणं नाही. तीन-चार महिन्यांचं धडधाकट बाळ जागं असलं की नुसतं पडल्या पडल्यासुद्धा त्याच्या अंगभर बारीक चुळबुळ चालू असते. मनगटं, घोटे, मान, काही ना काही सतत. आपल्याला ते दिसतही नाही, कारण आपण नाक कुणाचं ते बघत असतो. ती चुळबुळ नसली, किंवा बाळ लाकडासारखं एकाच तऱ्हेने हलत असलं, तर पुढे हातापायांना अडचण येण्याची शक्यता असते. ते जितकं लवकर कळेल तितकं बरं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

पण घरच्यांना हे गप्प बसणं सोसत नाही. आपलं बाळ नापास होतंय की काय या धास्तीने आजोबा शीळ घालतात, आत्या चुटक्या वाजवते, एखादी आजी हळूच चोखणी काढून बाळाच्या तोंडात कोंबते. चोखणी तोंडात गेली की बाळ सगळं हलणं सोडून तीच चोखत बसतं आणि अख्खं चित्रीकरण वाया जातं. मग वहिनी ओरडते, "परीक्षा बाळाची आहे आणि कॉप्या तुम्ही पुरवताय! चला, बाहेर!" मोठमोठी माणसं तिने त्या खोलीतून हाकलली आहेत.

'थोडी वाट बघू' हे शब्द तिच्यासमोर काढायचे नाहीत. ती म्हणते, वाट बसची बघावी. एकदा तिच्याकडे दोन वर्षांची मुलगी आली, अजून न बसणारी. सगळ्यांनी त्या आईला सांगितलं होतं, होईल हळूहळू, तिचा बापही उशिराच चालला. त्या संध्याकाळी वहिनी घरी आली, कुणाशी बोलली नाही, आणि तिने बाथरूमच्या फरशा घासायला घेतल्या. तेव्हापासून बाथरूम चकाचक दिसली की दादा त्या दिवशी तिला काही विचारत नाही. स्वतःच्या मुलीलाही तिने सोडलं नाही. माझ्या भाचीच्या लहानपणीच्या अल्बममध्ये हसरा असा एक फोटो नाही. सगळे वरून काढलेले, चटईवर उताणी पडलेली, एखाद्या बेडकासारखी.

अशा बाईची नणंद होऊन मी दिवस भरायच्या बरंच आधी बाळंत झाले.

मुलगा इतका एवढासा होता की बाबांनी काचेतून बघूनच त्याचं नाव 'पैलवान' ठेवलं. काही आठवडे तो पेटीत होता, नाकात नळी, छातीवर तारा. वहिनी रोज यायची, माझ्याशी दोन शब्द बोलायची आणि पेटीजवळ उभी राहून त्याचे पाय बघायची. मग पैलवान घरी आला. पहिल्या तपासण्या नीट झाल्या. चुळबुळीच्या परीक्षेच्या दिवशी नेमका त्याला ताप आला, ती पुढे ढकलली. त्याच सुमाराला वहिनीच्या आईचं ऑपरेशन निघालं आणि ती दोन महिने माहेरी गेली. माझं बाळंतपण माझ्या माहेरी, म्हणजे आई-बाबांकडे चाललं होतं. हवालदार गावात नाही म्हटल्यावर आम्ही बाळाचे भरपूर लाड केले, त्याला गोड कपडे घातले, आणि त्याचं तोंड बघितलं.

आता बाबांबद्दल. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते डावखुरे. डाव्या हाताने रंगवताना तळहात ओल्या अक्षरांवरून फिरतो आणि सगळं पुसतं, म्हणून बाबा पाटी शेवटच्या अक्षरापासून सुरू करायचे आणि उलटे मागे येत यायचे. एकदा एका शिंप्याच्या पाटीवर मागे येता येता जागाच संपली आणि त्याच्या नावाचं पहिलं अक्षर चौकटीवर काढावं लागलं. शिंपी भला माणूस, त्याने ते चालवून घेतलं. पण सबंध खानदानात बाबांसारखं डावं कुणी नव्हतं. दादा उजवा, मी उजवी, भाचीही उजवी. बाबांना त्याचं मनातून फार वाईट वाटायचं.

आणि पैलवान हाताने वस्तू पकडायला लागला तो डाव्या हाताने! बोट दिलं, डावा हात. चमचा दिला, डावा हात. वस्तू उजव्या बाजूला धरली तरी हा पठ्ठ्या छातीवरून आडवा डावा हात नेऊन ती धरायचा. बाबांना आकाश ठेंगणं झालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हा खेळ करून दाखवायचे. "आमच्यावर गेलाय!" आई म्हणायची, "आणि उजवी मूठ बघा कशी घट्ट! नशीब धरून ठेवलंय त्यात." सगळे हसायचे. मीही.

वहिनी परत आली त्या रविवारी सगळे आमच्याकडे जमले. जेवणं झाली, आणि बाबांनी पैलवानाला मांडीवर घेऊन प्रयोग सुरू केला. चमचा उजवीकडे. डावा हात आडवा. टाळ्या. चमचा आणखी उजवीकडे. डावा हात आणखी आडवा. जास्त टाळ्या. दादाने शिट्टी मारली.

वहिनी टाळ्या वाजवत नव्हती. ती म्हणाली, "बाबा, त्याला जरा खाली ठेवता?"

तिने सतरंजी अंथरली, त्याला उताणं ठेवलं, अंगावरचा तो गोड सदरा काढला. आम्ही गप्प बसलो नाही तर ओरडेल म्हणून गप्प बसलो. मग तिने त्याचा डावा हात आपल्या हातात अलगद धरून ठेवला आणि चमचा उजवीकडे धरला. पैलवानाने चमच्याकडे बघितलं. डावा हात सोडवायला बघितलं. उजवी मूठ जिथे होती तिथेच राहिली, अंगठा आत. तो वैतागून रडायला लागला.

आई म्हणाली, "अगं, डावखुरा आहे तो."

"आई, एवढ्या वयात कुणीच डावखुरं नसतं," वहिनी म्हणाली. "डावं-उजवं ठरायला वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर बाळाने दोन्ही हात वापरायचे असतात. हा डावखुरा नाही. याचा उजवा हात कामावर येत नाहीये."

तिने अजून त्याचा डावा हात धरलेलाच होता, आणि बाबा उठून उभे राहिले. बाबांचा आवाज मी आयुष्यात इतका चढलेला ऐकला नव्हता.

"सोड आधी! सोड त्याचा हात! माझ्या घरात कुणाचा डावा हात धरून ठेवायचा नाही!"

तेव्हा आम्हाला कळलं, म्हणजे आईलासुद्धा तेव्हाच कळलं, की शाळेत बाबांचा डावा हात मास्तर बाकाला बांधून ठेवायचे. सुतळीने. उजव्याने लिहायला शिकेपर्यंत रोज. घरी कुणी विचारलं तर बाबा मनगट खरचटलं म्हणून सांगायचे. बाबा म्हणाले, "मलाही असंच म्हणायचे. हा कामाचा हात नाही. बांधा."

दुसरी एखादी सून रडली असती, नाहीतर पाया पडली असती. ही म्हणाली, "बाबा, तुमचा उजवा चालत होता म्हणून त्यांनी तुमचा डावा काढून घेतला. याचा उजवा चालतच नाही. मला याचं काही काढून घ्यायचं नाहीये. आत्ता त्या हाताला काम दिलं तर याचं डोकं त्याला आपला म्हणेल. वर्षभर असंच कौतुक करत बसलात तर विसरून जाईल."

"तुला सगळीकडे आजारच दिसतो," मी म्हणाले. खरं तर किंचाळले.

"हो," ती म्हणाली, "त्याचाच मला पगार मिळतो." आणि पर्स उचलून दादाला घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पैलवानाला अंघोळ घालताना मी त्याचे तळहात बघितले. डावा स्वच्छ, गुलाबी. उजवा मला बोट घालून उघडावा लागला. आत दुपट्याचे धागे आणि मळ साचलेला, आंबूस वास येत होता. रोजच साचायचा, रोजच मी तो पुसायचे. न उघडणाऱ्या मुठीतच मळ साचतो हे कळायला काही फिजिओथेरपिस्ट व्हावं लागत नाही. मी टबाशेजारी ओल्या फरशीवर बसून रडले. आणि त्या वेळी मला वहिनीचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नव्हता. ती चुकली असती तर मी तिला कधीच माफ करून टाकलं असतं.

तेवढ्यात तिचाच फोन. माफी वगैरे काही नाही. "उद्या सकाळी घेऊन ये. मी बघणार नाही, माझी सहकारीण बघेल. घरचं बाळ मी बघत नाही, माझा स्वतःवर भरवसा नाही."

बाबा म्हणाले, मीही येतो. कशाला, ते बोलले नाहीत. मला वाटलं, मास्तर निघाला तर दोन द्यायला.

सहकारीण म्हणजे अगदी हळू बोलणारी बाई. तिने फक्त मला आत घेतलं. वहिनी आणि बाबा बाहेरच्या बाकावर, दोघांमध्ये एक अख्खा माणूस बसेल इतकी जागा सोडून. पैलवान चटईवर, कॅमेरा सुरू. थोड्याच वेळात दाराच्या काचेला एक नाक चिकटलं. वहिनीचं. मग दार फटभर उघडलं. "जरा उजेड डोळ्यांवर येतोय का त्याच्या?" दार बंद. परत उघडलं. आणि मग माझा कानांवर विश्वास बसेना. माझ्या वहिनीने, ज्या बाईने शेकडो आज्यांना हाकललं त्या बाईने, दारातून जिभेने 'टॉक' असा आवाज केला, पैलवानाने उजवीकडे वळावं म्हणून.

सहकारिणीने मान वर न करता सांगितलं, "मॅडम, कॉपी. बाहेर."

बाबांनी मला नंतर सांगितलं, ती बाकावर परत येऊन बसली तेव्हा तिचे तळवे घामाने निथळत होते. ती ते पांढऱ्या कोटाला पुसत होती, पुसत होती. बाबांनी खिशातला रुमाल काढून मधल्या रिकाम्या जागेवर ठेवला. तिने तो घेतला.

निदान वहिनी म्हणाली तेच निघालं. मेंदूचं चित्र काढलं, त्यात डाव्या बाजूला एक छोटा डाग, जन्माच्या आसपास कधीतरी पडलेला. डावी बाजू उजव्या हाताला चालवते म्हणे. कुणाच्या हातून काही चुकलं नव्हतं. मी विचारलं, हात पूर्ण बरा होईल का? सहकारीण म्हणाली, वचन देता येणार नाही, पण लवकर आलात. उजव्या हाताशी रोज खेळायचं, आणि दिवसातून थोडा थोडा वेळ, डोळ्यांसमोर ठेवून, डाव्या हातात मऊ पिशवीसारखा मोजा घालायचा. चांगला हात थोडा बसवला की दुसऱ्याला उठावंच लागतं.

म्हणजे डावा हात बांधायचा. मी बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीतून धुतलेल्या चादरींच्या गाडीकडे बघत होते.

संध्याकाळी वहिनी मोजा घेऊन आली. दादाच्या जुन्या मोज्यापासून स्वतः शिवलेला, इतका कुरूप की विचारू नका. शिवणकाम हा तिचा प्रांतच नाही. बाबांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. मी म्हटलं, आता फेकणार. त्यांनी आपली दोन बोटं आत घातली आणि चाचपलं.

"आतून शिवण टोचते. उलटा करून शीव," बाबा म्हणाले. "आणि हा मी घालणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तो रडला की मी काढणार."

"रडला की नाही, वेळ झाली की," हवालदार म्हणाली.

"रडला की."

"कंटाळून रडला तर नाही. खरं रडला तर काढा."

"खरं रडणं कसं असतं ते मला कळतं," बाबा म्हणाले.

तेव्हा मात्र वहिनीने मोजा परत घेतला. तिने तो उलटा केला आणि तिथेच बसून शिवण उसवायला लागली.

मग रोजचं सुरू झालं. बाबा आधी स्वतःच्या डाव्या हातात मोजा चढवायचे, मग पैलवानाच्या, आणि दोघे सतरंजीवर आपापल्या उजव्या हातांनी झगडत बसायचे. बाबांच्या सदऱ्यावर चहा सांडायचा. आई म्हणायची, एक बाळ होतं ते पुरे नव्हतं का. पैलवान रडायचा, बाबा कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "हे कंटाळ्याचं आहे." कधी म्हणायचे, "हे खरं," आणि मोजा लगेच निघायचा. कित्येक आठवडे उजव्या मुठीने काहीच केलं नाही. मी रोज बघायचे, रोज घाबरायचे. वहिनी आठवड्यातून एकदा यायची, त्याच्याशेजारी जमिनीवर आडवी व्हायची आणि नुसती बघायची. आम्ही काही विचारायचो नाही. ती आली त्या दिवशी बाथरूम कशी आहे ते मात्र मी दादाला फोन करून विचारायचे. चकाचक, तो म्हणायचा.

आता त्याचा उजवा हात डाव्याइतका चपळ नाही आणि बहुतेक कधी होणारही नाही. ते आम्हाला ठाऊक आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही. पण एका दुपारी दादाही आला होता आणि वहिनी अशीच त्याच्या उजव्या बाजूला आडवी झाली होती. बाबांनी दोघांचे मोजे चढवलेले. मी दुधाची बाटली उकळत होते. एकदम वहिनी अशी ओरडली की माझ्या हातातून चिमटा पडला. धावत जाऊन बघते तर पैलवानाची उजवी मूठ तिच्या केसांत. उघडली कधी आणि मिटली कधी कुणी बघितलं नाही, पण आता ती मुळापासून बट धरून ओढत होती, आणि तो तोंडाने फुरफुरत होता.

दादा सोडवायला पुढे धावला.

"हात लावू नका!" वहिनी किंचाळली. "कुणी हात लावायचा नाही! ओढू दे त्याला!" मान वाकडी झालेली, चष्मा एका कानावर लटकलेला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. हसत होती की रडत होती की नुसतंच दुखत होतं, सांगता येत नव्हतं. मला तर रडूच कोसळलं होतं.

बाबा मोजा घातलेला हात मांडीवर आपटत ओरडत होते, "ओढ रे पैलवाना! ओढ! एक माझ्या वतीनेही ओढ!"